पट्टीच्या आत

शुश्रूषेचा पाया विश्वास आहे. अमरावतीच्या दवाखान्यात कामाला लागलो, त्या सकाळी डॉक्टरांनी मला समोर उभे करून हे वाक्य ऐकवले आणि लगेच औषधांचे कपाट दाखवले. कपाटाला तीन कुलपे होती. किल्ल्या तीन वेगवेगळ्या माणसांकडे असत आणि त्या तिघांत मी नव्हतो.

मी अकोल्याचा. इंग्रजी पुस्तक वाचता येई, एवढ्यावर मला घेतले होते. रोग्याला उठवणे-बसवणे, पोटीस बांधणे, पट्ट्या बदलणे हे हात घालूनच शिकायचे होते. घरी मी कारकून झाल्याचे कळवले होते. त्यांना ते पटले नाही, कारण हा कारकून दर पत्रात पट्ट्या फाडायला जुनी धोतरे मागवत होता.

रोग्यांचा माझ्यावर त्याहून कमी भरवसा. तिवशाची एक म्हातारी औषध गालात धरून ठेवी आणि मी पाठ फिरवली की खाटेखाली थुंके. वलगावचा एक माळी मी आधी घोट घेतल्याशिवाय काढ्याला तोंड लावीत नसे. त्याचा ताप उतरला आणि माझे पोट बिघडले.

अशात तो कापसाचा दलाल दाखल झाला. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली होती आणि तिच्या कृपेने वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या तोऱ्यात वावरत होता. त्यामुळे गठ्ठ्यात वर पांढराशुभ्र कापूस आणि पोटात सरकी, माती, ओले बोळे भरायची चाल पडली होती. म्हणून दलाल गठ्ठा दिसला की आधी कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस उपसून पाही. या दलालाच्या हाती कापसाऐवजी बाभळीचा काटा लागला. उजव्या हाताची तर्जनी वांग्यासारखी सुजली होती.

बोट म्हणजे त्याचा धंदा. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली हात धरून बोटे दाबून ठरवतात. डॉक्टरांनी बोट पाहिले आणि सांगितले, "आठ दिवसांत उतार पडला नाही तर बोट कापावे लागेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि पट्टी नीट राहिली नाही तर तुम्ही अकोल्याला."

मी जवसाचे गरम पोटीस लावून, वर पट्टी घट्ट बांधून जात असे. संध्याकाळी पाहावे तर पट्टी सैल, पोटीस विस्कटलेले, बोट तसेच. चार दिवस हेच चालले. मी सगळ्यांवर संशय घेतला. झाडूवाला, भेटायला येणारे लोक, कुणा वैद्याचा पाला पदराखाली आणत असावी अशी त्याची बायको, कुणी सुटले नाही. डॉक्टरांचा संशय मात्र एकट्या माझ्यावर होता, हा त्यांच्या विद्वत्तेचा नीटनेटकेपणा.

पाचव्या दिवशी जेवण अर्धे टाकून मी दुपारीच परत आलो. दलाल खाटेवर मांडी घालून बसला होता. पट्टी पूर्ण उलगडून मांडीवर पसरलेली. पोटीसातला जवस चिमटीत चोळून तो हुंगत होता आणि बायको त्याच्यावर डाफरत होती.

"कितीदा सांगतलं, नोका सोडू म्हनून! बोट जाईल तवा समजन तुमाले."

"तू चूप बस," तो म्हणाला. मग मला पाहून जराही न बिचकता म्हणाला, "ये बाबू. हे काय भरलं रे तू?"

"काका, तुम्ही पट्टी काहून सोडली?"

"मंग? वरून तं सगळ्याचंच पांढरं असते. आत काय गुंडाळून राहिला, ते मले कसं समजावं?" त्याने तळहात पुढे केला. "हा जवस जुना आहे. अन् माती आहे याच्यात. चावून पाय."

मी चावून पाहिला. दातांखाली कचकच झाली. चार दिवस मी त्याच्या जखमेवर शेतातली माती इमानाने बांधत होतो. दवाखान्यात जवस कुठून येतो, हे विचारायचे मला सुचले नव्हते, कारण तो सरकारी पोत्यातून येत होता.

त्याच्या बायकोने घरचा जवस आणला. दुसऱ्या दिवसापासून मी पट्टी बांधण्याआधी सगळा माल त्याच्यापुढे मांडू लागलो. तो जवस चावी, मलम हुंगी, कापड उजेडाकडे धरी, एखादी पट्टी नापसंत करून बाजूला टाकी. बांधून झाले की मी शाई पुढे करी आणि गाठीवर तो डाव्या हाताने आपली खूण करी, गठ्ठ्यावर करतात तशी. दलाल स्वतःची खूण फोडत नाही. फोडली तर बाजारात त्याला कुणी उभे करत नाही. पट्टी संध्याकाळी जशीच्या तशी मिळू लागली.

आठव्या दिवशी सूज उतरलेली होती. डॉक्टरांनी बोट दाबून पाहिले, उगीच दोनदा हुंकार दिला आणि कापायचे पुढे ढकलले. आणखी आठवड्याने जखम भरली. त्यांनी श्रेय मलमाला दिले. माझी हरकत नव्हती, मला अकोल्याला जायचे नव्हते.

घरी जायच्या दिवशी दलालाने बोट वाकवून दाखवले. थोडे ताठ होते, पण वाकले. मला भरून आले. मी त्याच्या बायकोला म्हणालो, "काकू, आता काकांचे सौदे पुन्हा सुरू होतील."

तिने गाठोडे बांधता बांधता वर पाहिले. "बंद कवा होते? हे तं रोज सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर बसून डाव्या हातानं करूनच राहिले होते."