पांढऱ्याखालचे रंग

आमच्याकडे ससा म्हटला की एकच शब्द. तुरीच्या तासातून, दोन ओळींमधून, उड्या मारत पळतो तोही ससा, अन् घरात खोक्यात पाळतो तोही ससाच. या एका शब्दापायी आम्हा दोघी जावांचं बोलणं कितीतरी महिने बंद पडलं होतं. आता हसू येतं, पण तेव्हा नव्हतं येत.

माझी थोरली जाऊ अंगणाच्या पलीकडे राहते. भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, गेले, मुलगी लांब नांदते, घरात ती अन् तिचा काळा ससा. भासऱ्यांनीच आणला होता वर्ध्याच्या बाजारातून. अंगभर काळा, पोटाखालीसुद्धा काळा. आमच्या तोंडात 'ळ' बसत नाही, म्हणून त्याला सगळे कायाच म्हणत. आम्ही दोघी मेथी-पालकाच्या जुड्या बांधायला बसलो की काया तिच्या पायाशी पसरायचा, अन् भाव पडले, मिरची करपली, असं सगळं ती त्याला सांगायची. मी समोर बसलेली, पण मला नाही सांगायची, त्याला सांगायची. तो म्हातारा होत चालला होता. त्याला वर उचलून घ्यावं लागायचं.

अशात माझ्याकडे एक पांढरी सशीण आली. सेवाग्रामला दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये मी भाजी द्यायची, तिथल्या एका घरच्यांची बदली झाली अन् सशीण माझ्या टोपल्यात आली. दुधासारखी पांढरी, डोळे गुंजेसारखे लाल.

जाऊ एक दिवस म्हणाली, "याची जोडी लाव तुह्या सशिणीसंग. मले बस एक पिल्लू देजो, याच्यासारखं कायं."

मी लगेच हो म्हटलं. अहो, त्यात न होण्यासारखं काय होतं? बाप काळा, माय पांढरी. काही पिल्लं काळी होतील, काही पांढरी, एखादं कबरं. गाईच्या वासराचं आम्ही असंच सांगत आलो.

सशिणीनं छातीचे केस उपटून मऊ गादी केली अन् त्यात पिल्लं घातली. उघडी, डोळे मिटलेली, बोटाएवढी. कातडी मात्र काळसर. जाऊनं खोक्यात डोकावून पाहिलं अन् गल्लीभर गूळ वाटला. मग हळूहळू लव फुटली, अन् रोज पाहावं तर काळेपणा उतरत चाललेला. पाठ मातकट, पोट पांढरं, डोळ्याभोवती फिकं कडं. सगळीच्या सगळी तशीच. काळं एक नाही, पांढरं एक नाही. वावरातला ससा उचलून आणून ठेवावा, हुबेहूब तशी.

जाऊ आली, एकेक पिल्लू हातात घेतलं, परत ठेवलं.

"हे याचे नाईत," ती म्हणाली. "तुही सशीण तुरीत गेलती ना त्या दिवशी? तिथंच शेण खाल्लं तिनं."

आता सशीण एकदा सुटून तुरीत गेली होती हे खरंच होतं. मीच तिला पदराखाली धरून परत आणली होती. माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. तेव्हापासून जुड्या बांधायला ती तिच्या ओट्यावर, मी माझ्या. गल्लीतल्या बायांना तर खेळच मिळाला. रानातला जावई कसा हाय, म्हणून मला विचारायच्या.

मे महिन्यात काया गेला. आमच्या इकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. जाऊनं खोक्यावर ओलं पोतं टाकलं, पंखा लावला, पण त्यानं बसल्या जागी मान टाकली. मी गेले. तिनं लिंबाच्या झाडाखाली स्वतःच खड्डा केला होता, मला हात लावू दिला नाही. माती सारून झाल्यावर इतकंच म्हणाली, "आता त्याचं काईच नाई उरलं."

ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं. वाटे, हिनं एकच गोष्ट मागितली होती.

पुढं सशिणीच्या कानात खरूज झाली म्हणून मी तिला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टरीण म्हणजे माझ्या नातीएवढी पोर. औषध घालता घालता मी तिला सगळं सांगितलं, तुरीसकट. ती हसली नाही. तिनं विचारलं, "आजी, रानसशाचं पिल्लू पाहिलंय कधी, अगदी ताजं?"

पाहिलं होतं की! कितीदा. निंदताना तासात बसलेलं सापडतं. अंगावर पुरते केस, डोळे टक्क उघडे, हात लावायला जावं तर पळायच्या बेतात.

"आणि तुमच्या खोक्यातली?"

माझी पिल्लं तर उघडी, आंधळी. जन्मभर दोन्ही पाहिली होती अन् शेजारी शेजारी कधी ठेवलीच नव्हती. डॉक्टरीण म्हणाली, नाव एक असलं तरी ही दोन वेगळी जनावरं, त्यांचं पोर होतच नाही. पिल्लं कायाचीच.

मग रंग कुठून आला? तर ती म्हणाली, पांढरा हा यांचा रंगच नाही, ते पांघरूण आहे. खाली कुठला रंग झाकलाय ते वरून कळत नाही. तुमच्या पांढरीच्या खाली रानाचा रंग होता.

घरी येऊन मी तूर अन् काळे उडीद घेऊन बसले, तिनं सांगितलं तसं. पिल्लाला मायकडून एक दाणा, बापाकडून एक. तूर म्हणजे रानाचा रंग, उडीद म्हणजे काळा. तुरीचा एक दाणा जरी आला तरी तोच वर दिसतो. काळं दिसायला दोन्ही उडीदच पाहिजेत. मायनं प्रत्येकाला तूर दिली, बापानं प्रत्येकाला उडीद. म्हणजे ज्या पिल्लांना आम्ही रानातली म्हणून हिणवलं, त्या प्रत्येकात काया बसलेला होता. पांघरुणाचंही तसंच, तेही दोन्हीकडून आलं तरच पांढरं; इथं ते एकट्या मायकडून आलेलं, म्हणून आत दडून राहिलं. दाणे मुठीत धरून मी किती वेळ त्या मातकट पिल्लांकडे बघत होते कोणास ठाऊक.

मी दाणे पदरात घेऊन जाऊच्या ओट्यावर गेले अन् मांडून दाखवले. यांच्यातलीच जोडी लावली तर कुठंतरी उडदाला उडीद मिळेल, असं डॉक्टरीण म्हणाली होती. मिळेलच असं नाही, अन् असं एकदाच करा म्हणाली.

जाऊनं दाणे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "भाऊ-बहीण हायत ना वं ते?"

"बाई, त्यायले कुठं राखी बांधाची हाय."

ती तोंडाला पदर लावून हसली. किती महिन्यांनी.

पोळा झाल्यावर जोडी लावली. मातकट सशिणीनं गादी केली त्या दिवसापासून जाऊ माझ्याच ओट्यावर. पिल्लं झाली तर काही गुलाबी, काही काळसर. पण काळसरपणावर आमचा विश्वास उरला नव्हता, गूळ कोणी काढला नाही. लव फुटेपर्यंत थांबलो. गुलाबी होती ती पांढरी निघाली, त्यांच्या आजी सशिणीसारखी. काळसर होती त्यांची पोटं फिकी पडत गेली. जाऊ रोज एकेकाला उताणं करी, पोटावर फुंकर मारी, अन् ठेवून देई.

सगळ्यात खाली दबलेलं एक होतं. तिनं ते तळहातावर उताणं केलं, फुंकर मारली. पुन्हा मारली. मग माझ्यापुढे धरलं. पोट काळं, कानाची आतली बाजू काळी, तळपायसुद्धा काळे. मातकट माय, मातकट बाप, अन् हातात काया.

पिल्लू तिनं गालाला लावलं. मग तसंच धरून दुसऱ्या हातानं खोक्यातलं एक पांढरं पिल्लू उचललं, लाल डोळ्यांत निरखून पाहत राहिली.

"अन् याच्या पांघरुणाखाली कोन असन वं?"

"काय माहीत, बाई," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. आम्ही दोघी त्या पांढऱ्या पिल्लाकडे बघत बसलो, अन् मेथी तशीच सुकत राहिली.