सात मिनिटांची जयंती

लेखकाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की ऐकणारा लगेच त्याच्या पुस्तकांवर घसरतो, आपण काय काय वाचलंय ते ऐकवतो, आणि माझी गोष्ट राहते बाजूला. अमेरिकन होता, फार जुना होता, आणि आम्ही राहतो त्या डीमन नावाच्या डच गावातल्या एका ग्रंथालयानं त्याची जयंती करायची ठरवली, एवढं पुरे.

महामारीचं दुसरं वर्ष होतं. ग्रंथालय कित्येक महिने बंद. पुस्तक मागवायचं आणि दाराशी ठेवलेली कागदी पिशवी उचलून चालू लागायचं, अशी पद्धत पडली होती. उन्हाळ्यात नियम सैल झाले तेव्हा ग्रंथपाल बाईंनी जाहीर केलं की ग्रंथालयाच्या अंगणात दीड-दीड मीटरवर खुर्च्या मांडून लेखकाचा वाढदिवस साजरा होईल, स्वयंसेवक हवेत. मी नाव नोंदवलं आणि कामाच्या रकान्यात लिहिलं, ‘खुर्च्या’.

यात विनय वगैरे काही नव्हता. नागपुरात आमच्या वस्तीत मी वाढलो तोच जयंतीत. आमच्याकडे जयंती म्हटलं की एप्रिल. महिनाभर आधी पताका, मांडव, भाषणांच्या तालमी. आणि माझे बाबा मंडळाचे कायमचे सूत्रसंचालक. पोस्टात नोकरी, घरात बोलणं जेमतेम, पण हातात माइक आला की ‘मी फक्त दोन शब्द बोलतो’ म्हणून चाळीस मिनिटं बोलायचे. लोक ऐकायचेही, कारण बाबांचं ऐकल्याशिवाय जेवण सुरू होत नसे.

मी नऊ वर्षांचा असताना त्यांनी मला एक भाषण लिहून दिलं. पाठ होतं, झोपेतसुद्धा म्हणत होतो. स्टेजवर गेलो, ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि’ इथवर आलो, आणि त्या ‘आणि’च्या पुढे माझ्या डोक्यात काहीच उरलं नाही. सगळी वस्ती समोर. ‘आणि’ मी चार वेळा म्हणालो. शेवटी बाबांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी मला कधीच स्टेजवर बोलावलं नाही, आणि मी आपणहून सतरंज्या अंथरायच्या खात्यात दाखल झालो. तीस वर्षं झाली. खुर्च्या कुणी मांडाव्यात तर मीच.

तर ग्रंथपाल बाई. साठीच्या, सहा फूट उंच, आणि हातात कायम एक तक्ता. कार्यक्रमाच्या मिनिटामिनिटाच्या या तक्त्याला इथे ‘द्राईबुक’ म्हणतात, आणि डच माणूस एक वेळ कार्यक्रम रद्द करील, पण द्राईबुक मोडणार नाही. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे लेखकाचा वाढदिवस कसा करतात?”

मी म्हणालो, “फोटो ठेवतो. हार घालतो. उदबत्ती लावतो. मग भाषणं.”

“किती भाषणं?”

“मोजत नाही.”

त्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि तक्त्यात लिहिलं, ‘दोन वाजून तीन मिनिटं: हार. एक मिनिट.’ उदबत्तीचा धूर दीड मीटर पाळणार नाही म्हणून ती तिथल्या तिथे बाद झाली. मग त्या म्हणाल्या, की हा लेखक दूरच्या एखाद्या देशात कसा पोचला हे कुणी सांगितलं तर छान होईल, सात मिनिटं आहेत, स्क्रीनवरून चालेल. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “माझे बाबा.”

निघून गेलं त्याला कारण होतं. सलग दोन वर्षं एप्रिलमध्ये वस्तीत मांडव पडला नव्हता. दोन्ही वेळा बाबांनी घरीच फोटोला हार घातला, दिवा लावला, आणि बसून राहिले. आई आधीच गेलेली. दुसऱ्या लाटेत मंडळातले दोन जुने सोबती गेले आणि त्यांच्या शोकसभासुद्धा झाल्या नाहीत; एरवी त्याही बाबाच चालवत. तेव्हापासून फोनवर ते ‘हो’, ‘बरं’, ‘ठेवू?’ एवढंच बोलायचे. चाळीस मिनिटं बोलणारा माणूस तीन शब्दांवर आला होता आणि मला भीती वाटायला लागली होती. हा माणूस असाच विझत जाईल आणि मी इथे बसून ‘जेवलात का’ विचारत राहीन, असं वाटायचं.

त्या संध्याकाळी फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, “सात मिनिटं? माझं प्रास्ताविकही होत नाही नं सात मिनिटात.”

कित्येक आठवड्यांत ऐकलेलं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य. मग रोज फोन यायला लागले, तेही त्यांच्याकडून.

“अध्यक्ष कोण आहेत?”

“अध्यक्ष नाहीत, बाबा.”

“मग कार्यक्रम सुरू कोण करेल? बरं, प्रमुख पाहुणे?”

“ज्याची जयंती तोच.”

“ठीक आहे. म्हणजे तो उशिरा येणार नाही.”

लेखकाशी बाबांची ओळख तशी जुनी. वस्तीच्या वाचनालयात त्याच्या एका कादंबरीचं मराठी भाषांतर होतं. कव्हर गेलेलं आणि शेवटची काही पानं फाटलेली. बाबांनी ते इतक्यांदा वाचलं, की शेवट नसण्याचा त्यांना राग यायला लागला, आणि मग त्यांनी शेवट स्वतःच रचला. आम्हा पोरांना तोच सांगायचे, अगदी छापल्यासारखा. इथे आल्यावर मी ते पुस्तक अख्खं वाचलं तेव्हा कळलं, की लेखकानं काहीतरी भलतंच केलंय. बाबांना हे मी कधी सांगितलं नव्हतं.

हाराचं काम माझ्याकडे. फुलांचा देश म्हणून मिरवणाऱ्या या देशात ओवलेला हार कुठे मिळत नाही. झेंडू मिळतो तोही कुंडीत. मी सहा कुंड्या आणल्या आणि बाल्कनीत बसून सगळी फुलं खुडली. बायको म्हणाली, “समोरचे बघतायत. त्यांना वाटेल तुझं झाडांशी काहीतरी वाकडं आहे.”

कार्यक्रमाच्या दिवशी मी दीड मीटरची काठी घेऊन खुर्च्या मांडल्या. आयुष्यात इतक्या सरळ रांगा मी कधी मांडल्या नव्हत्या. बाईंनी मधोमध एक रिकामी खुर्ची ठेवून ती रंगीत कागदी माळांनी सजवली. इथे वाढदिवस ज्याचा त्याची खुर्ची अशी सजवतात. मी तिच्यावर लेखकाचा फोटो ठेवला आणि झेंडूचा हार घातला. कपाळाला आठ्या घातलेला तो गृहस्थ त्या खुर्चीत जबरदस्तीनं बसवलेल्या नवरदेवासारखा दिसत होता.

मग बाई फाटकाशी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणू लागल्या, “लेखकाबद्दल अभिनंदन.”

ही इथली रीत मला पहिल्या वर्षी समजलीच नव्हती. ऑफिसातल्या एकाकडे त्याच्या आईचा वाढदिवस होता. सगळे गोल बसलेले. येणारा प्रत्येक जण आधी आईचं अभिनंदन करी, मग मुलाला म्हणे, ‘आईबद्दल अभिनंदन’, जावयाला म्हणे, ‘सासूबद्दल अभिनंदन’, आणि शेजारणीला म्हणे, ‘शेजारणीबद्दल अभिनंदन’. एकानं माझंही केलं. मी केक खायला आलो होतो, तरी आभार मानले. घरी येताना म्हटलं, वाढदिवस एकाचा आणि कौतुक घाऊक, अजब लोक आहेत.

हार वेळेवर झाला. बाई बोलल्या, एका शाळामास्तरांनी दोन पानं वाचली, आणि द्राईबुकाप्रमाणे बाबा स्क्रीनवर आले. कोट, टाय, छातीवर मंडळाचा रेशमी बिल्ला. खोलीत नव्हतेच ते. घरासमोर गल्लीत टेबल टाकून बसले होते, आणि मागे मास्क लावलेली वस्तीतली सात-आठ माणसं लांब लांब खुर्च्यांवर बसलेली. बाबांनी तिकडेही जयंती भरवली होती. मी स्क्रीनशेजारी उभा राहिलो. काम सोपं होतं. ते मराठीत बोलणार आणि मी वाक्यावाक्याला इंग्रजी करणार. दुसऱ्याचं बोलणं पुढे द्यायचं, तेवढं सतरंजीवाल्याला जमतं.

बाबांनी समोर स्वयंपाकघरातलं घड्याळ ठेवलं होतं. कव्हर गेलेल्या पुस्तकाबद्दल बोलले. ते एक पुस्तक वस्तीतल्या किती घरांत फिरलं, आणि वाचता न येणाऱ्यांना इतर लोक कसं वाचून दाखवायचे, ते सांगितलं. लोक हसले, एकदा माना डोलावल्या. मी घड्याळ बघत होतो. पाच मिनिटं झाली होती आणि मला घाम फुटला होता, कारण ‘दोन शब्द’ म्हणजे काय ते मला माहीत होतं.

तेवढ्यात बाबा थांबले. म्हणाले, “आता माझे चिरंजीव दोन शब्द बोलतील.”

मी सवयीनं इंग्रजी करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

बाबा पुढे म्हणाले, “लहानपणी हा एकदा स्टेजवर विसरला होता. भाषण मी लिहिलं होतं, त्याच्या वयाला न पेलणारं. चूक माझी होती. मला कबूल करायची लाज वाटली, म्हणून त्याला परत बोलावलं नाही. आज त्याचं तो बोलेल.”

अंगणातली सगळी तोंडं इंग्रजीची वाट बघत माझ्याकडे वळली. बाई घड्याळाकडे बघत होत्या. हे सगळं मलाच इंग्रजीत सांगायचं होतं, माझ्याचबद्दल, आणि मी ते सांगितलं. तीस वर्षं मला वाटत होतं, की बाबांना माझी लाज वाटते.

एकच मिनिट उरलं होतं. लिहून आणलेलं काही नव्हतं. मी म्हणालो, “या पुस्तकाचा शेवट मी आधी बाबांकडून ऐकला. आमच्या पुस्तकात शेवटची पानं नव्हती, म्हणून तो त्यांनी स्वतः केला होता. इथे आल्यावर मी खरा शेवट वाचला, याच ग्रंथालयातून नेऊन. आणि,” इथे मी थांबलो, कारण ‘आणि’ आलं होतं. हारातल्या फोटोकडे पाहिलं. “आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याची माफी मागून सांगतो, बाबांचा शेवट जास्त चांगला आहे.”

हेच मी पुन्हा मराठीत सांगितलं, बाबांसाठी. ते मागे वळून गल्लीतल्या लोकांना म्हणाले, “ऐकलं का? शेवट वेगळा होता म्हणे.” गल्लीत हशा पिकला. बाई म्हणाल्या, सात मिनिटं वीस सेकंद. पण हसत म्हणाल्या.

लोक पांगायला लागले तसा मी सवयीनं पहिली खुर्ची उचलली. बाई स्क्रीनजवळ गेल्या. बाबा अजून तिथेच होते. बाईंनी वाकून, एकेक शब्द सुटा करत, इंग्रजीत म्हटलं, “मुलाबद्दल अभिनंदन.”

बाबांनी मला विचारलं, “काय म्हणून राहिल्या त्या?”

“तुमचं अभिनंदन करतायत.”

“कशाबद्दल?”

“माझ्याबद्दल.”

कुठल्याही सत्काराला उत्तर तयार असणाऱ्या त्या माणसानं आधी बिल्ला सरळ केला. घड्याळ पालथं ठेवलं. मग घसा खाकरून म्हणाले, “त्यांना सांग, आभारी आहोत. आणि ती खुर्ची खाली ठेव तू. आज दुसरं कुणी उचलेल.”