पाठीवर सूर्य, कानात कुर्र

माझ्या भाचीचं बारसं बदलापूर-बारवी रस्त्यावरच्या एका वडापावच्या गाडीपाशी झालं. भाची त्या वेळी मेलबर्नमध्ये होती.

चूक कुणाची, हे तुम्हीच ठरवा. (आमच्या ह्यांनी केव्हाच ठरवलं आहे.)

माझा एकुलता एक भाऊ संदीप नोकरीसाठी तिकडे असतो. नवस झाले, डॉक्टर झाले, आशा सोडून झाली आणि मग त्याला मुलगी झाली! फोनवर रडत म्हणाला, "ताई, नाव तूच ठेवायचंस. आत्याचा मान आहे. काय ठेवणार ते मलाही सांगू नकोस, डायरेक्ट तिच्या कानात सांग." मी नाव तिथल्या तिथे ठरवलं. आमच्या आईचं, मालती. नातवंडाची वाट बघत बघत आई गेली. आता निदान तिचं नाव तरी त्या पाळण्यात झोपावं, एवढीच माझी इच्छा होती.

पण तिकडे संदीपच्या शेजारी एक पल्लवी राहते. तिने परस्पर जाहीर केलं, "ताईंचं नेट गेलं तर मी आहेच, मानलेली आत्या!" तिने नावही शोधून ठेवलं होतं. त्याचा अर्थ विचारला तर तिला पुन्हा मोबाईल उघडावा लागला! त्या क्षणी मी पदर खोचला.

बारसं ठरलं रविवारी. तिकडची संध्याकाळ, म्हणजे आपली भर दुपार. आणि त्याच शनिवार-रविवारी आमचं बारवी धरणाच्या पलीकडे डोंगरावर तंबूत राहायला जायचं आधीपासून ठरलेलं.

"कॅम्पिंग कॅन्सल करू," हे म्हणाले.

"का? घरून बोलले काय नि डोंगरावरून बोलले काय, कान मोबाईलचाच आहे ना?"

"आणि चार्जिंग?"

चार्जिंगसाठी मी उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात गेले आणि सोलर चार्जर घेऊन आले. चार काळ्या पट्ट्यांचा, घडी घालून बॅगेत मावणारा. उलगडून उन्हात ठेवायचा, मोबाईलची वायर खोचायची, बस्स!

"गॅरंटी काय?" मी दुकानदाराला विचारलं.

"मॅडम, पॅनल की गॅरंटी मैं देता हूँ," तो शांतपणे म्हणाला, "सूरज की आप देख लो."

निघताना ह्यांनी बॅगेत गुपचूप आपली साधी पॉवर बँक टाकली. मी ती तितक्याच गुपचूप काढून कपाटात ठेवली आणि त्या जागी चिवड्याचा डबा बसवला. विश्वास ठेवायचा तर पूर्ण ठेवायचा, असा माझा स्वभाव आहे!

डोंगरावर आम्ही तिघंच. मी, हे आणि सासूबाई. ("मला घरी एकटीला टाकून मजा मारणार होय!") ह्यांच्या मोबाईलची रेंज बारवीच्या अलीकडेच संन्यास घेते. सासूबाईंचा फोन बटणांचा. माझ्या फोनला रेंज होती, पण ती तंबूमागच्या कातळाच्या अगदी टोकाला. खालच्या पाड्यावर शनिवारपासून लाईट नव्हती. शिवाय शनिवारी मी सूर्यास्ताचे फोटो काढले, तंबूचे काढले, फोटो काढणाऱ्या ह्यांचेही काढले. रविवारी उठले तेव्हा बॅटरी तळाला गेलेली!

"झालं बारसं," हे म्हणाले.

"तुम्ही बघाच."

सकाळी पहिलं ऊन पडल्याबरोबर मी पॅनल कातळावर पसरलं. वायर खोचली, मोबाईल सावलीत सरकवला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, वाऱ्याचा आणि कावळ्यांचा चोख बंदोबस्त केला आणि निर्धास्त मनाने पिठल्याची तयारी करायला बसले. मधूनमधून सूर्याकडे बघत होते. सूर्य आपलं काम करत होता.

साडेअकराला मोबाईल आणायला कातळाकडे निघाले तर हे तिथे आधीच उभे. कमरेवर हात. अंबरनाथला एमआयडीसीत बंद पडलेल्या मशीनसमोर हे असेच उभे राहत असणार.

"हे काय आहे?" ह्यांनी विचारलं.

पॅनलवर सासूबाईंचं जुनं सुती पातळ दुहेरी घडी करून घातलेलं होतं! कडा नीट दुमडून, दगडांखाली दाबून. खालचा मोबाईल सकाळपेक्षाही खंगलेला. दोन टक्के!

माझा संताप अनावर झाला. "आई! पॅनल झाकलंत तुम्ही? ते काय पापड आहेत?"

सासूबाई तंबूतून बाहेर आल्या. "मी कशाला झाकू गं? सकाळी तूच मागून नेलंस ना पातळ? म्हणालीस, द्या हो आई, कावळे तोंड घालतील!"

काय सांगू! दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायच्या, कोपऱ्यांना दगड लावायचे, वरून पातळ टाकायचं. हाताला सवय. उन्हात काही पसरलं की हात आपोआप झाकायला जातो. डोकं त्यात कुठेच नसतं!

हे हसून हसून खाली बसले.

"हसू नका! तासभर आहे अजून. उचला ते पॅनल!"

पातळ काढल्याबरोबर मोबाईलवर चार्जिंगची खूण उमटली. पण पॅनल होतं इथे आणि रेंज होती कातळाच्या टोकाला. तिथे पॅनल ठेवायला सपाट जागा नाही. हात लांब करून हे पॅनल धरायला गेले की त्यांचीच सावली त्याच्यावर! खूण येई, जाई, येई, जाई. बॅटरी दोनची तीन व्हायला तयार नाही. मी मेलबर्नमधली पल्लवी डोळ्यांसमोर आणली.

"माझ्या पाठीवर बांधा!"

"काय?"

"पॅनल. पाठीवर. ओढणीने!"

सूर्य डोक्यावर आलेला, म्हणजे पाठ आकाशाकडे हवी. मी टोकावर ओणवी झाले. पाठीवर पॅनल, बगलेखालून वायर, हातात मोबाईल. फोन तव्यासारखा तापला, पण टक्के चढू लागले. तीन! पाच! सात! कंबर मोडायला आली तरी मी हलले नाही. हे माझे पाय धरून बसले होते. (लग्नानंतर पहिल्यांदाच!)

साडेबाराला कॉल लागला. पडद्यावर पाळणा, पाळण्यात इवलंसं तोंड, आणि बाजूला नवी साडी नेसून तयारीत उभी असलेली पल्लवी.

"ताई, तू अशी वाकलीयस का?" संदीपने विचारलं.

"पाळण्यावर वाकतात तशी! मोबाईल तिच्या कानाशी धर लवकर!"

त्याने धरला. माझे डोळे भरून आले. सगळी शक्ती एकवटून मी म्हटलं, "कुर्रर्र..."

आता, आत्याने कुर्र केलं की मागच्या बायकांनी तिच्या पाठीवर बुक्के घालायचे, ही आपली रीत. मागे बाईमाणूस एकच होतं. पण सासूबाई रीतीला पक्क्या! त्यांनी दोन्ही मुठी वळल्या आणि होतं नव्हतं ते सगळं बळ काढून माझ्या पाठीवर, म्हणजे पॅनलवर, घातल्या.

कड्! पॅनल मधोमध दुमडलं, माझ्या हातातून मोबाईल उडाला, वायर एकीकडे, मोबाईल दगडावर. उचलला तोवर तापलेल्या फोनने मान टाकली होती. नाव माझ्या तोंडातच राहिलं.

"बरी बसली ना गं थाप?" सासूबाईंनी कौतुकाने विचारलं.

मी चप्पल घातली आणि डोंगर उतरायला लागले. हे तंबू, पातळ, सासूबाई आणि पिठलं घेऊन मागून. मोठ्या रस्त्यावर पहिली दिसली ती वडापावची गाडी. शेजारच्या दुकानातून वायर ओढून आणलेली. मिक्सरचा प्लग काढून मी गाडीवर पडलेला मोबाईलचा चार्जर घातला.

"ओ ताई, चटणी राहिलीय माझी!" गाडीवाला ओरडला.

"माझी भाची बिननावाची राहिलीय!"

फोन सुरू झाल्याबरोबर संदीपचाच कॉल आला. मुहूर्त केव्हाच टळला होता.

"पल्लवीने ठेवलं का रे नाव?"

"कोणालाच ठेवू दिलं नाही. सगळे जेवायचे थांबलेत. तू बोल ताई."

मी पुन्हा वाकले. ह्या वेळी सासूबाईंचे हात ह्यांनी धरून ठेवले होते. "कुर्रर्र... मालती!"

पलीकडे मग संदीप लहानपणी रडायचा तसा रडला. मीही रडले. गाडीवाल्याने दोघांच्या नावाने एक वडा जास्त दिला.

घरी आल्यावर ह्यांनी कपाटातली पॉवर बँक काढून माझ्यासमोर ठेवली. पूर्ण भरलेली.

पॅनल आता गच्चीवर असतं. मधोमध वाकलंय, करंट देत नाही, पण काळं असल्यामुळे तापतं झकास. ह्या वर्षी मालतीच्या बाबांना पाठवायच्या कुरडया मी त्याच्यावरच वाळवल्या. दोन दिवसांत कडकडीत! आणि ह्या वेळी पातळ मी बरोबर कामावर लावलं.