बुवांची पेटी आणि यंत्राची शिट्टी

"मॅडम, ह्या तुमचा मशीन तुमच्याकडेच ऱ्हवांदे," म्हणत बुवांनी कानातलं श्रवणयंत्र काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. मागे उभी असलेली त्यांची सून शीतल मला खुणेनं सांगत होती की ते रागावलेत. ते दिसतच होतं.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. माणसाला कुठले आवाज किती कमी ऐकू येतात ते मोजायचं आणि त्याप्रमाणे श्रवणयंत्र बसवून द्यायचं, हे माझं काम. कांदिवलीत छोटं क्लिनिक आहे. पूर्वी यंत्र सेट करायचं म्हणजे एकेक आवाज हातानं कमी-जास्त करत बसायचं. आता यंत्रात एआय असतं. आजूबाजूला गोंगाट आहे की कोणी बोलतंय हे ते स्वतः ओळखतं, वापरणाऱ्याची आवड शिकतं आणि आपणहून बदलतं. मला ते मनापासून आवडतं. पूर्वी ज्यात सकाळ जायची ते काम चहा गार व्हायच्या आत होतं. आमच्या धंद्यातले काही जण त्याच्या नावानं बोटं मोडतात, मी त्यातली नाही.

बुवा मूळचे मालवणकडचे, मुंबईत गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावरही त्यांनी एक गोष्ट सोडली नाही, ती म्हणजे डबलबारी. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. समोरचा बुवा गाण्यातून प्रश्न टाकतो आणि आपली बारी आली की आपण पेटी वाजवत गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं की मैदानभर हशा. समोरचे शब्द कळेनासे झाले म्हणून तर बुवा माझ्याकडे आले होते. शब्द आता कळत होते. भानगड वेगळीच झाली होती.

"घरात माका सगळा ऐकाक येता," बुवा म्हणाले. "पण पेटीचो सूर धरलो की तो थरथरता. काल तालमीत माझो सूर सुटलो. पखवाजवालो हात थांबवन माझ्या तोंडाकडे बघीत रवलो. ह्या असाच चालला तर गणपतीतल्या बारीक मी पेटी दुसऱ्याच्या हातात देतंय."

शेवटचं वाक्य ते अगदी हळू बोलले. मला फार वाईट वाटलं. यंत्र काढलं तर प्रश्न कळणार नाही आणि घातलं तर सूर लागणार नाही, अशी त्यांची कोंडी झाली होती.

यंत्र कॉम्प्युटरला जोडलं. स्क्रीनवर सगळ्या खुणा हिरव्या, म्हणजे पेशंट समाधानी. सॉफ्टवेअरमध्ये एक असिस्टंट असतो, त्याला तक्रार लिहून सांगितली की तो उपाय सुचवतो. मी लिहिलं, गर्दीत आवाज थरथरतो. त्यानं सुचवलं, गोंगाट आणखी दाबा. दाबला. बुवा तालमीला जाऊन परत आले, तर आता झांजाही गायब.

मग मी यंत्राच्या कंपनीतल्या अमेयला फोन लावला. तो वांद्र्याला बसतो, आम्ही एकाच बॅचचे.

"अगं, डेटा झकास आहे," तो म्हणाला. "म्हातारी माणसं कुरकुरतात यार. जरा समजाव त्यांना."

"सूर कसा ऐकायचा हे भजनीबुवांना समजावू?"

"मी नाही, तू समजाव ना."

फोन ठेवला आणि शीतलला विचारलं की एवढं हिरवं कशावरून झालं. तेव्हा उलगडा झाला. झांजांच्या दणक्यानं यंत्र बिघडेल म्हणून बुवा इतके दिवस तालमीला जाताना ते डबीत काढून ठेवत. परवा पहिल्यांदा घालून गेले. आणि आवाज बरा वाटतोय का, असं यंत्राचं फोनमधलं ॲप विचारायचं, त्याला शीतल तिच्या फोनवरून उत्तर द्यायची, तेही संध्याकाळी टीव्ही चालू असताना. म्हणजे एआय शिकलं होतं, पण शीतलच्या मालिकांवर. बुवांच्या आयुष्यात गाणं आहे हे त्या बिचाऱ्याच्या कानावर कधी गेलंच नव्हतं.

मी बुवांना सांगितलं, पेटी घेऊन या.

ते पेटी घेऊन आले आणि बाहेर बसलेल्या पेशंटांची चंगळ झाली. डॉक्टरांच्या गळ्यात असते तसली एक नळी आमच्याकडेही असते, यंत्रातून काय ऐकू येतं ते तिच्यातून कळतं. मी ती कानाला लावली. बुवांनी सूर तोडून तोडून वाजवला तर ठीक होता. लांबवला की लगेच कापरा झाला. मला हसूच आलं.

श्रवणयंत्रातला आवाज बाहेर सुटून परत त्याच्याच माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, हॉलमधला माइक कुईं करतो तशी. ती दाबायला यंत्र सतत टपलेलं असतं. शिट्टी ते कशावरून ओळखतं? एकच, लांब, न हलणारा सूर. आणि बुवा पेटीवर नेमकं तेच तर वाजवत होते. यंत्र इमानेइतबारे पेटीचा गळा धरत होतं.

आता असिस्टंटला नीट सांगितलं. पेशंट गायक आहे, पेटीचा लांब सूर यंत्र शिट्टी समजतं, गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम हवा. त्यानं तो झटक्यात मांडून दिला, आणि छान दिला. शिट्टीवरचा पहारा काढला तर खरीच शिट्टी वाजेल, असा इशाराही दिला. तो बरोबर होता, म्हणून मी बुवांच्या कानाचं माप घेऊन घट्ट बसणारा साचा करवला. त्यातून आवाज बाहेर सुटत नाही.

एक गोष्ट मात्र मी बदलली. गाणं ऐकू आलं की आपोआप गाण्याचा प्रोग्रॅम लागेल, अशी सोय असिस्टंटनं केली होती. पण पेटी-पखवाज तर समोरच्या मंडळाकडेही असतो. ते गात असताना बुवांना सूर नको, शब्द हवेत. बारी कोणाची चालू आहे हे मशीनला कोण सांगणार? ऑटोमॅटिक बंद केलं आणि यंत्रावरचं बटण बुवांना दाखवलं. म्हटलं, कधी काय ऐकायचं ते तुम्ही ठरवा.

गणपतीतल्या बारीला मी गेले होते. समोरच्या बुवांनी भलताच तिरकस प्रश्न टाकला. आमचे बुवा मान खाली घालून ऐकत होते. आपली बारी येताच त्यांचा हात क्षणभर कानाशी गेला. लोकांना वाटलं, गुरूचं स्मरण केलं. मग त्यांनी पेटीवर सूर धरला आणि तो धरूनच ठेवला, लांबच्या लांब. तो हलला नाही. पखवाजवाला बुवांकडे बघून हसला. उत्तर ऐकून समोरच्या बुवांनी हात जोडले. माझे डोळे भरून आले, हे कबूल करते.

नंतर बुवा तपासणीला आले तेव्हा सॉफ्टवेअरनं आनंदानं कळवलं की पेशंट हल्ली घरी पुष्कळ संगीत ऐकतात. मी शीतलला तसं म्हटलं.

"घरी?" ती म्हणाली. "घरी पप्पांनी गणपतीपासून पेटी उघडलेलीसुद्धा नाही."

म्हणजे बुवा घरी नुसताच गाण्याचा प्रोग्रॅम लावून बसत होते, आणि त्यात टीव्हीवरच्या मालिकांमधलं किंवा घरातलं बोलणं फारसं कळत नाही. हे मी बुवांना सांगितलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. मी बुवांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. निर्णय माणसाच्या हातात ठेवला की माणूस तो सोयीनंच घेणार, हे धरून चालायला हवं. मी रिपोर्टवर 'समाधानकारक' असं लिहिलं आणि सही केली.