लाँच बंद झाली तो उन्हाळा

माझं माहेर धरणाच्या पलीकडच्या काठाला आहे. लोणावळ्याकडून येणारे पर्यटक अलीकडच्या काठावर तंबू लावतात आणि समोर पाण्यापलीकडे चार-दोन दिवे दिसतात त्यांचे फोटो काढतात. त्यातला एक दिवा आमचा. वस्तीला गाडीरस्ता नाही. मागे डोंगर, पुढे पाणी. डोंगरावरून पायवाट आहे, पण तिनं डांबरी रस्त्याला लागेपर्यंत धडधाकट माणसाचाही अर्धा दिवस मोडतो. म्हणून आमचं सगळं येणं-जाणं लाँचनं. दुधाच्या किटल्या, गॅसच्या टाक्या, शेळ्या, आजारी माणसं, सगळं त्या एका लोखंडी लाँचमध्ये बसायचं. लग्न झाल्यावर मीसुद्धा शालू नेसून, डिझेलच्या वासानं मळमळत, तिच्यातूनच तळेगावला आले.

आईची किडनी गेली असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिला सगळ्यात आधी लाँचच आठवली असावी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, असं डॉक्टर म्हणाले, आणि ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सकाळची लाँच धरली तर हुतंय."

आणि खरंच होत होतं. पावसाळा, हिवाळा तिनं तसाच काढला. आबा, म्हणजे माझे वडील, तिला पहाटे उठवायचे, धक्क्यावर आणायचे, तिच्याबरोबर लाँचमध्ये बसायचे. अलीकडं आल्यावर तिला कामशेतच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवायचे आणि त्याच लाँचनं परत जायचे, कारण घरी म्हशी होत्या. कामशेतला मी किंवा माझा नवरा तिला घ्यायला जायचो आणि तळेगावच्या दवाखान्यात न्यायचो. संध्याकाळच्या लाँचनं ती परत. आबा पलीकडच्या धक्क्यावर उभे असायचे. पावसात डोक्यावर पोत्याची खोळ, थंडीत कानाला मफलर. त्यांना मुलगा नव्हता, मी एकटीच, आणि मी कारखान्यात पॅकिंगला. तरी कुणाला भार वाटला नाही.

फाल्गुनात पाणी उतरायला लागलं. ते दर वर्षीच उतरतं. खाली शहरं आहेत, कारखाने आहेत, त्यांना पाणी सोडावंच लागतं. पण त्या वर्षी आदल्या पावसाळ्यातच धरण पुरतं भरलं नव्हतं. आधी लाँच पायऱ्यांना टेकेना म्हणून फळी टाकली. मग फळीही पुरेना. लाँच लांब उभी राहायची आणि माणसं गुडघाभर चिखलातून तिच्यापर्यंत जायची. आईचे पाय सुजलेले, आणि हातावर डायलिसिसची नस केलेली, ती जपायची. आबांनी तिला पाठीवर घेतलं. साऱ्या वस्तीसमोर नवऱ्याच्या पाठकुळी बसायची तिला इतकी लाज वाटायची की ती पदर तोंडावरून घेऊन डोळे मिटून बसायची. एकदा आबांचा पाय सटकला आणि दोघंही चिखलात बसले. लाँचमधली माणसं धावली. आई हसत सुटली. मला हे लाँचवाल्या भाऊंनी सांगितलं. म्हणाले, मावशी हसायच्या थांबेनात, आबा मात्र हसले नाहीत, ते तिचा हात पुसत राहिले.

चैत्र सरता सरता धक्क्यावर पत्र्याचा बोर्ड लागला: पाणीपातळी कमी झाल्यानं लाँच पुढील सूचना मिळेपर्यंत बंद. भाऊंनी लाँच धरणाच्या भिंतीजवळच्या खोल डोहात नेऊन बांधली. त्यांचा तरी काय इलाज? तळ खडकाला लागला असता तर पुढच्या वर्षीही लाँच राहिली नसती.

एकदा आईला डोंगरानं आणून बघितलं. वस्तीतल्या चौघांनी बाजेची डोली केली. ऊन चढलं आणि अर्ध्या वाटेवर ती बेशुद्ध झाली. त्या दिवशी मी दवाखान्यात ठरवलं की आता ती माझ्याकडेच राहील. नवरा माझ्या आधीच तयार होता. तयार नव्हती ती आईच. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं. मी समजावलं, रागावलेही. शेवटी म्हणाली, "पानी आलं की जाते माघारी." एक पिशवी घेऊन आली, आणि ती पिशवी तिनं शेवटपर्यंत पूर्ण रिकामी केली नाही. लागेल तेवढं काढायची, धुऊन वाळवून परत आत ठेवायची.

आमचं घर सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टला ती घाबरायची, म्हणून दवाखान्याचा दिवस सोडला तर खाली उतरायची नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. खाली वॉचमन रबरी पाइपानं गाड्या धुवायचा, झाडांना पाणी घालायचा, फरशी धुवायचा. एक दिवस तिनं मला विचारलं, "हे आपलंच पानी आसंल व्हय गं?"

मी म्हणाले, असेल. कुठल्या धरणाचं पाणी कुठं जातं मला कुठं ठाऊक?

"आसंल," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ओळखीचं माणूस परगावी दिसावं तशी ती त्या पाइपाकडे बघत होती.

तिला स्वतःला पाणी मोजून होतं. डायलिसिसच्या माणसाला दिवसाला ठरावीकच पाणी देतात, जास्त झालं की अंगात साठतं. मी तिच्यासाठी स्टीलचा छोटा पेला वेगळा काढला होता. वैशाखाच्या उन्हात ती तो पेला दोन्ही हातांत धरून बसायची, ओठ ओले करायची, परत खाली ठेवायची. म्हणायची, धरणाची आणि माझी एकच गत झालीय. मला हसू यायचं नाही. तिला यायचं.

वस्तीत फोनला रेंज नाही. घरामागच्या टेकाडावर गेलं तर लागतो. आबा रोज संध्याकाळी धारा काढून, दूध काकूंच्या घरी देऊन टेकाडावर चढायचे. काकू म्हणजे शेजारीण. लाँच बंद झाल्यावर अलीकडं दूध जात नव्हतं, ती त्याचा खवा आटवायची. आई तासभर आधीपासून फोन मांडीवर घेऊन बसायची. दोघं फार बोलायचे नाहीत. जेवलात का, म्हैस कशी आहे, गोळ्या घेतल्या का. मग आबा पाणी कुठवर उतरलं ते सांगायचे. मी जन्मात त्या दोघांना एकमेकांशी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. घरी असताना बोलायची गरजच नसायची. लग्न झाल्यापासून ती दोघं अशी वेगळी राहिलीच नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आबा मधे दोनदा येऊन गेले. अंधारातच निघून डोंगर उतरून दुपार टळल्यावर पोचायचे. रात्र काढली की पहाटे परत, कारण म्हैस व्यायला झाली होती. दुसऱ्या वेळेला पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन आले. आईला तसली फळं चालत नव्हती. आबांना ते माहीत नव्हतं, आणि मी सांगायच्या आत तिनं मला डोळ्यांनी गप्प केलं. द्रोण नाकाशी नेला, खूप वेळ वास घेतला. म्हणाली, "लय गोड हायेत." आबा झोपल्यावर तिनं तो माझ्याकडे दिला.

ज्येष्ठ लागला तरी पाऊस पडेना. एका सकाळी डायलिसिस चालू असतानाच आईचं बीपी एकदम खाली गेलं. तिला आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. मी आत गेले तर ती शुद्धीवर होती. मला वाटलं काही दुखत असेल तर सांगेल. ती म्हणाली, "तेंला बोलाव."

सकाळच्या त्या वेळी आबा टेकाडावर नसणार. मी वस्तीतल्या दिसेल त्या नंबरवर फोन लावत सुटले. कुणाचाच लागेना. शेवटी काकूंच्या सुनेचा लागला, ती नेमकी सरपणाला वर गेली होती. ती तशीच खाली पळाली. आबा गोठ्यात होते. ऐकल्याबरोबर उठले आणि पाण्याकडे धावले.

डोंगर त्यांच्या मागे होता. पण आईला दवाखान्यात न्यायचं म्हणजे धक्क्यावर जायचं, हे त्यांच्या पायांना इतकं पाठ झालं होतं की ते उतारावरून सरळ खालीच गेले. लाँच बंद आहे हे त्यांना आठवलं नसेल असं नाही. रोज संध्याकाळी तेच तर सांगत होते. काठावरून त्यांनी हाका मारल्या. पाणी आटलं होतं, त्यामुळं हाक अलीकडच्या काठावर भाऊंपर्यंत पोचली. त्यांनी ओळखलं, काहीतरी झालंय. लाँच हलणार नव्हती. ते मासेमारीची छोटी होडी घेऊन निघाले. वस्तीकडच्या काठाजवळ पाणी वीतभर आणि खाली गाळ. होडी रुतली. मग आबाच होडीच्या दिशेनं गाळात उतरले. मांड्यांपर्यंत गेले, कमरेपर्यंत गेले, तिथं अडकले. भाऊ होडीतून ओरडत राहिले, मागं फिरा आबा, मागं फिरा. वस्तीतल्या माणसांनी दोर टाकून त्यांना ओढून काढलं. त्यात खूप वेळ गेला. मग ते तसेच, त्याच कपड्यांत, डोंगराच्या वाटेला लागले.

इकडे मी आईला सांगत होते, आबा निघाले, आबा येतायत. तिनं एकदा विचारलं, "कंच्या वाटंनी?" मी डोंगरानं म्हणून सांगितलं. "ऊन लय हाय," ती म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा गेली.

आबा दिवेलागणीला पोचले. कमरेपासून खाली चिखल वाळून पांढरा झाला होता, चालताना त्याच्या खपल्या दवाखान्याच्या फरशीवर पडत होत्या. साफसफाईची एक मावशी फडकं घेऊन पुढं आली आणि त्यांच्याकडं बघून थांबली. त्यांना काही सांगावं लागलं नाही. माझ्या तोंडाकडं बघून कळलं. त्यांनी आईच्या उशाशी बसून तिचा डायलिसिसचा हात हातात घेतला, मग स्वतःचा हात मळलेला बघून सोडला, आणि मला म्हणाले, "पानी दे गं जरा." मला वाटलं तहान लागली. त्यांनी त्या पाण्यानं हात धुतले, शर्टाच्या वरच्या कोरड्या भागाला पुसले आणि परत तिचा हात घेतला.

तिला वस्तीवर न्यायचं त्यांच्या मनात होतं. सगळ्यांना ते कळत होतं, आणि नेणं शक्य नाही हेही. तळेगावातच अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी नवऱ्याचे नातेवाईक म्हणाले, अस्थी इंद्रायणीत सोडू, जवळ पडेल. आबांनी नुसती मान हलवली, नको म्हणून. अस्थींचं गाडगं फडक्यात बांधून डोंगरानं घेऊन गेले आणि काठावरच्या जांभळीला उंच टांगून ठेवलं.

जायच्या आधी त्यांनी मला विचारलं. बाहेर पायऱ्यांवर बसलो होतो. "मी तिकडं कशाला गेलो गं? सरळ डोंगरानं आलो आसतो तर गाटलं आसतं का तिला?"

"नसतं गाठलं आबा," मी म्हणाले. "कसेही आला असता तरी नसतं."

ते खरं होतं की नाही, हे मी आजपर्यंत हिशोब करून बघितलेलं नाही. त्यांनी मात्र केला असणार. त्या वाटेचा एकेक चढ-उतार त्यांना ठाऊक होता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही हे मला दिसलं.

पाऊस आला, आणि आला तो धो-धो. आषाढ संपेपर्यंत धक्क्याच्या पायऱ्या बुडाल्या. श्रावणात भाऊंचा फोन आला, लाँच सुरू झाली. मी आणि माझा नवरा गेलो. पाणी भरलेलं, हिरवं, आणि काठावर पर्यटकांची गर्दी. मला त्या भरलेल्या पाण्याचा इतका राग आला की मी तिकडं बघितलं नाही, लाँचच्या तळाकडं बघत बसले.

आबा त्याच लाँचनं आम्हाला घ्यायला अलीकडं आले होते, गाडगं मांडीवर घेऊन बसले होते. मधोमध आल्यावर भाऊंनी न सांगता इंजिन बंद केलं. लाँचमध्ये इतर माणसंही होती, किटल्या होत्या, कुणाच्या तरी कोंबड्या होत्या. आबांनी वाकून गाडगं पाण्यात सोडलं. हात तसाच थोडा वेळ पाण्यात राहू दिला. मग म्हणाले, "चला भाऊ." तेवढंच.

वस्तीवर पोचलो तर धारांची वेळ झालेली. ते सरळ गोठ्यात गेले. मी चहा ठेवला, तो उकळला, ते आले नाहीत. हाक मारायला गेले. दारापाशी आले तर आतून त्यांचा आवाज ऐकू आला. म्हशीच्या अंगाला कपाळ टेकून ते रडत होते, आणि रेडकू त्यांच्या पायात घुटमळत होतं. माझ्यासमोर ते एकदाही रडले नव्हते. मी बाहेरच थांबले. चहा नंतर परत गरम केला.

शेवटच्या लाँचनं आम्ही निघालो. चार दिवस तळेगावला चला म्हणून मी विचारलं होतं, आणि उत्तर काय येणार हेही मला माहीत होतं. आबा धक्क्यावर आले नाहीत. मी लाँच सुटेपर्यंत उताराकडे बघत होते. नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. काकूंची सून तेवढी किटली पोचवायला आली होती, तिनं हात हलवला, आणि लाँच निघाली.