दयाची जागा

श्रीरामपूरचा मोझेस मेकॅनिक माझा मित्र. ऑटोमॅटिक पिकअपच्या गिअरबॉक्सचं ऑइल मोजायला काडी नसते. मोझेस इंजिन चालू ठेवलेल्या गाडीखाली शिरून गिअरचा आवाज ऐकतो, मग बाजूचा बोल्ट उघडतो. बारीक धार आली की ऑइल पुरेसं. वर ब्रेक दाबून गिअर बदलायला त्याची बायको दया बसायची. ती नाताळात वारली.

आज तिच्या जागी मी बसलो.

खालून तो सवयीने म्हणाला, "दये, रिव्हर्स टाक. पाय काढू नको, न्हाईतर विधवा व्हशील."

मी गिअर टाकला, पण ते ऐकून माझा पाय ब्रेकवरून निसटला. गाडी जागची हलली नाही. पेडल तळाशी दाबलेलंच होतं. मी गिअर पार्कमध्ये आणला.

"आली धार. उतर आता, दये."

पेडल हळूच वर आलं.