बाया सांगत नाहीत

आमचे डॉक्टरकाका नाडी नंतर बघायचे. आधी रोग्याला समोरच्या स्टुलावर बसवून विचारायचे, "दुखते म्हणता, तं कसं दुखते? नीट सांगा, घाई नाही." लामत्याहून बैलगाडीतून आलेला माणूस आधी गोंधळायचा, आणि एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. एकाच्या पोटात कोणी दोर वळत असायचं, दुसऱ्याच्या कमरेत जातं फिरत असायचं. "औषध माझं, पण दुखणं त्याचं आहे. ते त्यालेच सांगू द्या," हे काकांचं ठरलेलं वाक्य. बालाघाटात त्यांच्याइतकं ऐकून घेणारा दुसरा डॉक्टर नव्हता. मी एकदा दाढ धरून गेलो, तर मराठीचा मास्तर असूनही मला "लय दुखते" यापलीकडे काही सुचेना. काका म्हणाले, "पोराईले काय शिकवतं बे तू?"

त्या वर्षी काकूला कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. ती बरी होणार नव्हती. तिला दुखू न देणं एवढंच काकांच्या हातात होतं. कपाटात अफूची इंजेक्शनं होती. पण सवय लागते म्हणून त्या काळी डॉक्टर ती फार जपून देत. "गरज पडली की देऊ," काका म्हणायचे. गरज पडली की नाही, हे काकूने सांगायचं होतं.

इथे आमच्या घराची रीत आडवी यायची. माझे वडील काकूचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यादेखत तिने नवऱ्याशी बोलायचं नाही, आणि काकांनीही तिला हाक मारायची नाही. वडील दिवसभर बैठकीत बसलेले, आणि काकूची खाट बैठकीला लागूनच्या खोलीत. रात्री तिच्याजवळ माझी आई निजायची. म्हणून मध्ये मी.

"विचार तिले, दुखते काय?"

मी आत जाऊन विचारायचो. काकू पदराआडून म्हणायची, "सांग त्याईले, बरी आहो."

मी बाहेर येऊन सांगायचो, बरी आहे म्हणते. इतकी चोख टपालसेवा सरकारलाही जमली नसती. इंजेक्शनं कपाटातच राहायची.

अशातच नागपूरला वेदना आणि तिच्यावरचे उपचार या विषयावर डॉक्टरांची परिषद भरली. राज्यांच्या नव्या वाटणीत नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं होतं, पण तिथली डॉक्टरमंडळी काकांना विसरली नव्हती. खेड्यातली माणसं आपलं दुखणं कसं सांगतात, यावर त्यांनी बोलायचं ठरलं. काका जायला तयार नव्हते. मला आत पाठवून विचारलं, तर उत्तर आलं, "बरी आहो, जा म्हणा." छोट्या रुळांच्या गाडीने गोंदिया, तिथून मोठ्या गाडीने नागपूर, पिशवी धरायला मी.

सकाळभर मज्जातंतू, मेंदू, नवी औषधं असं चाललं होतं. त्यातली चहाची सुट्टी तेवढी मला नीट समजली. मग काका उभे राहिले. कोणाचं ठणकतं, कोणाचं सलतं, कोणाचं आतून चावतं, हे त्यांनी त्या त्या माणसाच्या बोलीत ऐकवलं. सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतून एक वयस्कर डॉक्टरबाई उठल्या.

"फार चांगलं ऐकता तुम्ही, डॉक्टर. पण तुमच्या उदाहरणांत एकही बाई नाही."

काका सहज म्हणाले, "बाया सांगत नाहीत."

"तुम्ही विचारता त्यांना?"

"विचारतो ना. संगं नवरा असते, नाही तं सासू असते. ते सांगतात, की हिले..."

वाक्य तिथेच राहिलं. बाईंना आमच्या घरचं काहीच ठाऊक नव्हतं. त्या नुसतं "अच्छा" म्हणाल्या आणि खाली बसल्या.

काका थेट माझ्याकडे आले. "चाल. गाडी आहे."

"काका, जेवण..." मी मागे जाऊन जिलेबी पाहून आलो होतो.

"चाल म्हणलं ना!"

गोंदियाला छोट्या गाडीत बसल्यावर काकांनी विचारलं. "काल बरी आहो म्हणाली, तवा तोंड पाह्यलं होतं काय तिचं?"

"पदर होता," मी म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा वडील बैठकीत होते. "कशी झाली सभा?" त्यांनी विचारलं. काका तसेच आत गेले आणि खाटेजवळ खाली बसले.

"इंदू," त्यांनी हाक मारली. हे नाव त्यांच्या तोंडून आम्ही कोणी ऐकलं नव्हतं.

काकूने घाईने पदर ओढला. "अजी, भासरे बसले आहेत!"

"बसू दे. मी विचारून राह्यलो. मले सांग."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. मग ते उठले, दार लोटून घेतलं आणि पडवीत जाऊन बसले. आतून काकूचा आवाज येऊ लागला. आधी थांबत थांबत, मग रडत, मग नुसता बोलत.

बऱ्याच वेळाने काका स्वयंपाकघरात आले. "वहिनी, पाणी ठेवा. सुई उकळायची आहे." आईने चुलीवर भांडं ठेवलं. काका भिंतीला टेकून म्हणाले, "लय दिवसापासून सोसून राह्यली ते."

"हौ. रातभर उशी चावते."

"मंग काहून नाही सांगतलं मले?"

"तिनं शपथ घातलती. अन् तुमी तरी कधी मले विचारलं, भाऊजी? तुमी तं मास्तरले विचारत होते."

काकू धानाच्या कापणीपर्यंत होती. आता काका तिने मागायची वाट न पाहता इंजेक्शन द्यायचे. ती बरीचशी झोपून असायची, आणि जागी असली की काकांशी बोलायची, दार उघडं असताना, भासऱ्यांदेखत. वडील बैठकीत पेपर तोंडासमोर धरून बसायचे. पान उलटल्याचा आवाज मात्र कधी यायचा नाही.